फोनमधला ‘आपण’: माध्यमं आपली गटाची ओळख कशी घडवतात?

तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये आत्ता किती ग्रुप आहेत? घरचा एक, दहावीच्या बॅचचा एक, कॉलेजचा एक, गल्लीतल्या गणेश मंडळाचा एक, रविवारच्या क्रिकेटचा एक. आता विचार करा, त्यातल्या एखाद्या ग्रुपमधून तुम्हाला कुणी न सांगता काढून टाकलं तर? तसं बघितलं तर फार काही जात नाही. ‘शुभ सकाळ’चे फोटो आणि वाढदिवसाचे केकच जातात. तरी मनाला लागतं. ‘मला का काढलं?’ हा प्रश्न दिवसभर डोक्यात फिरत राहतो.

याचा अर्थ तो ग्रुप म्हणजे फक्त निरोप पाठवायची सोय नव्हती. ‘मी यांच्यातला आहे’ ही भावना तो देत होता. वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही आणि आता मोबाईल ही सगळी माध्यमं बातम्या आणि करमणुकीसोबत हे कामही करत आली आहेत. ते कसं चालतं, त्याचा फायदा काय, धोका कुठे आणि आपल्या हातात काय आहे, हे या लेखात पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- माध्यमं आपल्याला माहिती देतात, तशीच ‘आपण कोण’ हेही सांगतात.
- एकच मजकूर, एकच वेळ, एकच भाषा आणि एकच आठवण यातून अनोळखी माणसांचा गट बनतो.
- ‘आपण’ तयार झालं की बहुतेक वेळा मागोमाग ‘ते’ही तयार होतं.
- पूर्वी ही रेघ संपादक आखायचे. आता त्यात ॲपचा अल्गोरिदम आणि आपलं स्वतःचं बोटही आहे.

‘आपण’ आणि ‘आम्ही’

मराठीत एक सोय आहे, जी हिंदीत किंवा इंग्रजीत नाही. ‘आपण जेवायला जाऊ’ असं मित्र म्हणाला तर तुम्ही सोबत आहात. ‘आम्ही जेवायला जातोय’ म्हणाला तर तुम्ही घरीच. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’ चालतं. मराठीत मात्र एका शब्दात कळतं की ऐकणारा आत आहे की बाहेर.

माध्यमांचं काम समजायला ही जोडी फार उपयोगी आहे. कुठलंही माध्यम बोलताना कुणाला ‘आपण’ म्हणतं आणि कुणाबद्दल ‘ते’ म्हणून बोलतं, हे बघत राहा. पुढची सगळी उदाहरणं याच एका प्रश्नाभोवती फिरतात.

कधी न भेटलेली माणसं ‘आपली’ कशी वाटतात?

घर, वाडी, गाव यातली माणसं एकमेकांना ओळखतात. पण ‘मराठी माणूस’, ‘भारतीय’, ‘गोंयकार’ अशा मोठ्या गटांत लाखो, कोटी लोक असतात. त्यातले बहुतेक आपल्याला आयुष्यात कधीच भेटणार नाहीत. मग ते आपले का वाटतात?

अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ या पुस्तकात याचं एक उत्तर दिलं. राष्ट्र हा मनात उभा केलेला समुदाय असतो, आणि तो उभा करण्यात छापील पुस्तकांचा आणि वर्तमानपत्रांचा मोठा वाटा असतो, असं त्यांचं म्हणणं. सकाळी एक माणूस चहा पिता पिता पेपर वाचतो. तो एकटाच असतो, पण त्याला माहीत असतं की याच वेळी हजारो लोक हाच पेपर, हीच बातमी वाचताहेत. त्या न दिसणाऱ्या हजारोंशी त्याचं नातं जुळतं.

इथे ‘मनातला’ म्हणजे ‘खोटा’ नव्हे. भारताने विश्वचषक जिंकला की अनोळखी माणसाला मिठी मारताना होणारा आनंद खराच असतो. मुद्दा इतकाच, की ही भावना आपोआप उगवत नाही. कुणीतरी, कशाच्या तरी मदतीने ती रोज जागी ठेवत असतं.

मराठी वर्तमानपत्रं: भाषा एक, ‘आपण’ अनेक

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकर यांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलं. म्हणूनच महाराष्ट्रात ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर असत. म्हणजे पहिल्याच मराठी पत्राचा ‘आपण’ दोन भाषांत बोलत होता.

पुढे वेगवेगळी पत्रं आली आणि प्रत्येकाचा ‘आपण’ वेगळा होता. १८७७ मध्ये सत्यशोधक चळवळीतले कृष्णराव भालेकर यांनी ‘दीनबंधू’ सुरू केलं. नंतर नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवलं. शेतकरी आणि गिरणी कामगार यांना ते आपलं वाटत होतं. १८८१ मध्ये ‘केसरी’ आला आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या राजकारणात त्याने मोठा वाचकवर्ग उभा केला.

तरीही ज्यांची बाजू यातल्या कुठल्याच प्रस्थापित पानावर नीट येत नव्हती, असा मोठा समाज बाहेर होताच. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढलं. नावातच सगळं आलं: ज्यांना बोलू दिलं जात नाही त्यांचा नायक. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. गंमत म्हणजे या पत्राच्या शीर्षभागी तुकाराम महाराजांचा अभंग होता. ‘तुमची परंपरा ती आमचीही आहे’ असं त्यातून न बोलता सांगितलं जात होतं. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ अशी ही साखळी चालू राहिली. नावांचा हा प्रवास नुसता वाचला तरी एका समाजाची स्वतःबद्दलची ओळख कशी बदलत गेली ते दिसतं: मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध.

ज्याला ‘आपण’मध्ये जागा मिळत नाही, त्याला स्वतःचं माध्यम उभं करावं लागतं. हे शंभर वर्षांपूर्वी जितकं खरं होतं तितकंच आजच्या यूट्यूब चॅनेलच्या बाबतीतही खरं आहे.

गोव्याचा कौल: दोन मराठी पेपर, दोन बाजू

भाषा एक असली म्हणजे ‘आपण’ एकच असतो, असं वाटत असेल तर गोव्याकडे बघा.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाला. पुढचा प्रश्न होता, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा केंद्रशासित प्रदेश ठेवायचा? १६ जानेवारी १९६७ रोजी यावर जनमत कौल झाला. ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होतं. ‘राष्ट्रमत’ हेही मराठीच दैनिक, पण ते विलीनीकरणाच्या विरोधात होतं. त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर तेव्हा खूप गाजलं. गावोगावी गाण्यांचे कार्यक्रमही झाले. विलीनीकरणाची निशाणी होती फूल, आणि वेगळं राहण्याची निशाणी होती दोन पानं.

निकाल असा लागला: वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं. फरक ३४,०२१ मतांचा.

दोन्ही पेपर मराठीतच छापले जात होते. एकाचं म्हणणं, ‘आपण’ म्हणजे सगळे मराठी भाषक. दुसऱ्याचं म्हणणं, ‘आपण’ म्हणजे गोंयकार. निकाल काही एकट्या पेपरांनी लावला नाही. जमीन, नोकऱ्या, धर्म, जात, कोंकणी भाषेचा अभिमान असं बरंच काही त्यामागे होतं. पण लोकांच्या मनात विखुरलेल्या या गोष्टींना एक नाव, एक चिन्ह आणि एक गाणं देण्याचं काम माध्यमांनी केलं.

रेडिओ आणि टीव्ही: सगळ्यांची एकच वेळ

पेपर वाचायला अक्षरओळख लागते. रेडिओला ती लागत नाही. त्यामुळे रेडिओने शेतावरच्या आणि स्वयंपाकघरातल्या माणसांनाही त्या मोठ्या ‘आपण’मध्ये आणलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीमुळे देशभर एकाच वेळी एकच गाणं ऐकू येऊ लागलं.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं. मग आला २५ जानेवारी १९८७ चा रविवार. त्या दिवशी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. आईबाबांना किंवा आजीला विचारा, त्या काळातल्या रविवारच्या सकाळी रस्ते कसे ओस पडायचे. सगळ्यांच्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून लोक शेजाऱ्यांकडे सतरंजीवर दाटीवाटीने बसून बघायचे. सोमवारी शाळेत, ऑफिसात, नळावर त्याच भागाची चर्चा.

यातली ‘एकाच वेळी’ ही गोष्ट लक्षात ठेवा. सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच वेळी पाहिली की गप्पांना एक सामाईक विषय मिळतो, आणि पुढे तीच सामाईक आठवण होते.

मोबाईलने नेमकं काय बदललं?

१. सगळ्यांचं पान वेगळं झालं. पेपर सगळ्यांना सारखाच मिळायचा. तुमचं इन्स्टाग्राम आणि तुमच्या बहिणीचं इन्स्टाग्राम मात्र सारखं नसतं. तुम्ही काय लाईक केलं, कुठला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, कुणाला शेअर केला यावरून ॲप पुढचा मजकूर निवडतं. एका घरात, एका सोफ्यावर बसलेल्या दोघांना दोन वेगवेगळी जगं दिसतात. आणि दोघांनाही वाटतं, ‘सगळे हेच बोलताहेत.’

२. गट मोजता येऊ लागला. पेपर वाचणाऱ्याला बाकीचे वाचक दिसत नसत. आता लाईक, व्ह्यू, फॉलोअर यांचे आकडे समोर असतात. ‘माझ्यासारखे दोन लाख लोक आहेत’ याने बळ येतं. पण आकडा मोठा म्हणजे म्हणणं खरं, असा घोटाळाही सहज होतो.

३. बोलीभाषांना जागा मिळाली. हा मोठा फायदा. पुस्तकं, पेपर आणि टीव्ही यांनी प्रमाण मराठीला मान दिला. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा आगरी बोलणाऱ्या मुलाला वर्गात ‘नीट बोल’ असं ऐकावं लागायचं. अपवाद होते, जसं गंगाराम गवाणकर यांचं ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक. पण आता एखादी मुलगी शेताच्या बांधावर उभी राहून अहिराणीत रील करते आणि खाली कमेंट येतात, ‘आमच्या घरी अस्संच बोलतात!’ आपली बोली पडद्यावर ऐकू आली की तिची लाज वाटेनाशी होते.

४. अंतर कमी झालं. पुण्यातून नोकरीसाठी जर्मनीला गेलेला मुलगा गावच्या पालखीचं लाइव्ह बघतो. परदेशातले मराठी लोक पूर्वीही हे करत होते, फक्त साधन वेगळं होतं. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायली समाजाने तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

५. गट दुसऱ्याच्या मालकीचा झाला. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. बंदीमागचं कारण काहीही असो, छोट्या गावांतल्या कितीतरी मुलामुलींचा तिथे जमलेला गोतावळा एका रात्रीत विखुरला. फॉलोअरची यादी उचलून दुसऱ्या ॲपवर नेता येत नाही. गावातला पार गावाचा असतो, ॲप मात्र कंपनीचं असतं.

गट पडायला कारण किती मोठं लागतं?

१९७० च्या सुमारास हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलं १४-१५ वर्षांची. त्यांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, आणि ‘तुमच्या आवडीप्रमाणे तुमचे दोन गट केलेत’ असं सांगितलं. खरं तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा मुलांना माहीत नव्हतं.

मग त्यांना इतर मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितलं. स्वतःला काही मिळणार नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला जास्त दिलं. आणखी विचित्र म्हणजे, दोन्ही गटांना भरपूर मिळेल असा पर्याय समोर असतानाही, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, अशी निवड बऱ्याचदा दिसली.

न पाहिलेल्या माणसांचा, चित्रांच्या नावावर पडलेला गट एवढं करू शकतो. मग आवडता नट, आयपीएलची टीम, जात, जिल्हा, पक्ष यावर दिवसभर चालणारी ‘आपले विरुद्ध त्यांचे’ ही रील काय करत असेल, विचार करा. चिडवणाऱ्या पोस्टवर कमेंट जास्त पडतात, आणि ज्या पोस्टवर हालचाल जास्त ती ॲप आणखी लोकांना दाखवतं. म्हणून भांडण लावणारा मजकूर शांत मजकुराच्या पुढे पळतो.

राईनपाडा: ‘आपल्या’ माणसाने पाठवलेली अफवा

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. ‘मुलं पळवणारी टोळी फिरते आहे’ अशी अफवा त्या काळात सोशल मीडियावरून पसरली होती. गावात आलेल्या अनोळखी माणसांवर लोकांना संशय आला. जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारहाण केली. पाच जणांचा जीव गेला. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हे त्यांचं पिढ्यानपिढ्यांचं जगणं.

त्या वर्षी देशात अशा अनेक घटना घडल्या. तेव्हा फिरणाऱ्या एका व्हिडिओत दुचाकीवरचे दोघं रस्त्यावरचं मूल उचलून नेताना दिसायचे. प्रत्यक्षात ती पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात तो शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता.

लोकांनी अशा गोष्टींवर विश्वास का ठेवला? अडाणीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण मेसेज कुणा परक्याने पाठवलेला नसतो. तो काकांनी, वर्गमित्राने, मंडळाच्या ग्रुपने पाठवलेला असतो. आपण मजकूर तपासत नाही, पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो. आणि ‘आपली मुलं’ धोक्यात आहेत म्हटल्यावर, जो ‘आपला’ दिसत नाही तो लगेच आरोपी ठरतो. मुलांबद्दलची काळजी खरी होती. पण त्या काळजीच्या ‘आपण’मध्ये भटक्या समाजाच्या माणसांना जागा नव्हती.

यानंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून, खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. मेसेजवर दिसणारा दुहेरी बाण त्याचीच खूण आहे. मर्यादेने वेग कमी होतो. पण पुढे पाठवायचं की नाही, हे ठरवणारं बोट आपलंच असतं.

तुमच्या फोनमध्ये आज काय करता येईल?

- दुहेरी बाण दिसला की थांबा. हा मेसेज अनेक हातांतून आलाय, पाठवणाऱ्यालाही त्याचा उगम माहीत नसण्याची शक्यता जास्त. फोटो जुना आहे का, हे गुगल लेन्सने शोधता येतं.
- कुणीही ग्रुपमध्ये टाकू नये म्हणून: व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ग्रुप्स इथे जा आणि ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा.
- फीडला सांगा: नको असलेल्या रीलवर किंवा व्हिडिओवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा. नुसतं चिडून कमेंट केली तर ॲपला वाटतं तुम्हाला ते आवडतंय.
- यूट्यूबची वॉच हिस्टरी अधूनमधून पुसा. शिफारशी बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून असतात.
- फोनची अदलाबदल करून बघा: घरातल्या कुणाच्या तरी सोबत बसा, दोघांनी आपापलं यूट्यूबचं पहिलं पान उघडा आणि शेजारी शेजारी ठेवा. पाच मिनिटांत कळेल की तुम्ही किती वेगळ्या गावांत राहता.
- ॲडमिन असाल तर: अफवा आली की ‘हे कुठून आलं?’ एवढंच विचारा. भांडायची गरज नाही. पहिला प्रश्न विचारला गेला की बाकीच्यांनाही विचारायचा धीर येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गटात असणं वाईट आहे का?
अजिबात नाही. माणसाला गट लागतोच. परीक्षेच्या काळात अभ्यासाचा ग्रुप, पुरात मदत गोळा करणारा ग्रुप, आजारपणात रक्तदाता शोधून देणारा ग्रुप हे सगळे याच भावनेवर चालतात.

सगळा दोष अल्गोरिदमचा आहे का?
नाही. राईनपाड्यासारख्या अफवा व्हॉट्सॲपवर माणसांनीच पुढे पाठवल्या, आणि व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये रीलसारखी फीड नसते. अल्गोरिदम आपल्या सवयी मोठ्या करून दाखवतो, पण सवय मुळात आपली असते.

एखादं चॅनेल किंवा पेज आपल्याला कुठे नेतंय, हे कसं ओळखायचं?
त्याच्या शेवटच्या दहा पोस्ट बघा. त्यातल्या किती पोस्ट ‘आपल्या’बद्दल काही सांगतात, शिकवतात, हसवतात? आणि किती पोस्ट फक्त ‘त्यांच्या’बद्दल चीड आणतात? दुसरा आकडा मोठा असेल तर तिथे आपुलकीपेक्षा राग विकला जातोय.

शेवटी

‘दर्पण’पासून रीलपर्यंत माध्यमं बदलली, पण प्रश्न तोच आहे: हा जो ‘आपण’ म्हणतोय, त्यात तो कुणाला धरतोय आणि कुणाला वगळतोय? ‘मूकनायक’ने वगळलेल्यांना आवाज दिला. राईनपाड्यात वगळलेल्यांचा जीव गेला. दोन्हीकडे ताकद एकच होती, गटाची.

पुढच्या वेळी ग्रुपवर एखादा मेसेज येईल, ज्याची सुरुवात ‘आपल्या लोकांनो, सावध राहा’ अशी असेल. फॉरवर्ड दाबण्याआधी एकदा त्या ‘आपल्या’ शब्दाकडे बघा. ज्याच्याबद्दल तो मेसेज आहे, तो माणूस आत्ता तुमच्या शेजारी बसला असता, तर तुम्ही तो मोठ्याने वाचून दाखवला असता का?